संदर्भाधिष्ठित शब्दार्थबोध

वाचनात आलेल्या अपरिचित अथवा अनेकार्थी शब्दाचा अर्थ कोशाची मदत न घेता, त्याच्या मागच्यापुढच्या मजकुराच्या आधारे निश्चित करण्याच्या बौद्धिक प्रक्रियेस संदर्भाधिष्ठित शब्दार्थबोध असे म्हणतात. वाचनाकलनाच्या कसोट्यांमध्ये ही क्षमता अजमावण्यासाठी ‘उताऱ्यातील अधोरेखित शब्दाचा अर्थ पुढील पर्यायांतून निवडा’ अशा स्वरूपाचे प्रश्न विचारले जातात. या प्रश्नांत वाचकाला दोन भिन्न प्रकारची कामे करावी लागतात. पहिल्या प्रकारात शब्द परिचित असतो, परंतु त्याच्या अनेक अर्थांपैकी प्रस्तुत अर्थ कोणता, हे ठरवावयाचे असते. उदा., ‘पाटाला पाणी सोडले’, ‘पाहुण्यांसाठी पाट मांडले’ आणि ‘विधवेचा पाट लावून दिला’ या तीन वाक्यांत पाट या एकाच शब्दाचे अनुक्रमे कालवा, बसण्याची लाकडी फळी आणि पुनर्विवाह असे अर्थ होतात. दुसऱ्या प्रकारात शब्दच अनोळखी असतो आणि त्याच्या अर्थाची उभारणी वाचकाला मजकुरातील खुणांवरून करावी लागते. पहिले काम निवडीचे, तर दुसरे अनुमानाचे होय. दोहोंतही संदर्भ हा अर्थाचे क्षेत्र आखून देतो. त्या क्षेत्रातील नेमके स्थान तो दरवेळी दाखवितोच असे नाही. या प्रकारच्या प्रश्नांचे मोल आणि त्यांतील दोष ही दोन्ही याच वस्तुस्थितीतून उद्भवतात.

भारतीय परंपरेतील विचार : शब्दाचा अर्थ संदर्भावरून कसा ठरतो, या प्रश्नाचा ऊहापोह भारतीय व्याकरणशास्त्र, मीमांसा, न्याय व साहित्यशास्त्र यांत फार पूर्वीपासून झालेला आहे. भर्तृहरी (सु. पाचवे शतक) यांनी वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडात अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या घटकांची गणना केली आहे. दुसऱ्या वस्तूशी असलेला संबंध, त्या संबंधाचा अभाव, साहचर्य, विरोध, प्रकरण, जवळ असलेला दुसरा शब्द, औचित्य, देश, काल इत्यादींचा त्यांत समावेश होतो. मम्मटाच्या काव्यप्रकाशातही (अकरावे शतक) ही गणना उद्धृत केलेली आढळते. हरि या शब्दाचे विष्णू, इंद्र, सिंह, वानर, अश्व असे अनेक अर्थ आहेत. परंतु शंख व चक्र यांचा उल्लेख होताच विष्णू हा अर्थ निश्चित होतो. सैंधव या शब्दाचे मीठ आणि सिंधू देशातील घोडा असे दोन अर्थ असून, भोजनप्रसंगी ‘सैंधव आण’ असे म्हटल्यास मीठ आणि प्रवासाला निघताना म्हटल्यास घोडा अभिप्रेत असतो. येथे वाक्य तेच राहते, केवळ प्रकरण बदलते.

अपरिचित शब्दाच्या बाबतीत नैयायिकांनी केलेला विचार अधिक महत्त्वाचा आहे. शब्द व अर्थ यांतील संबंधाच्या ज्ञानाला ते शक्तिग्रह म्हणतात. विश्वनाथ न्यायपंचानन (सतरावे शतक) यांच्या न्यायसिद्धांतमुक्तावलीत शक्तिग्रहाची व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवरण आणि परिचित पदाचे सान्निध्य अशी आठ साधने सांगितलेली आहेत. यांपैकी शेवटची तीन साधने आजच्या परिभाषेत संदर्भखुणाच होत. आम्रवृक्षावर पिक मधुर स्वरात गातो, असे वाक्य ऐकणाऱ्यास पिक हा शब्द माहीत नसला, तरी आम्रवृक्ष, मधुर आणि गाणे या परिचित शब्दांच्या सान्निध्यामुळे तो कोकीळ असल्याचे समजते. यव या शब्दाने सातू घ्यावा की राळ्यासारखे दुसरे धान्य घ्यावे, असा संशय आल्यास इतर वनस्पती कोमेजतात तेव्हाही जे टवटवीत राहते ते धान्य, या अर्थाच्या पुढील वचनावरून सातू हा अर्थ ठरतो. हे वाक्यशेषाचे उदाहरण होय. कोश व संदर्भ ही साधने येथे एकाच यादीत बरोबरीने आली आहेत, हे लक्षणीय आहे. एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही, हे त्यातून सूचित होते.

आधुनिक संशोधन : वाचनाकलनाच्या मापनाला विसाव्या शतकाच्या प्रारंभी शास्त्रीय स्वरूप येऊ लागले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ली थॉर्नडाइक यांनी १९१७ मध्ये शालेय मुलांनी उतारे वाचताना केलेल्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाचन ही शब्दांच्या अर्थांची नुसती बेरीज नसून ती तर्कक्रिया आहे. प्रत्येक शब्दाला त्या ठिकाणी योग्य तेवढेच वजन द्यावे लागते आणि एखाद्या शब्दाला अवास्तव महत्त्व दिले गेल्यास सर्व उताऱ्याचा अर्थ बिघडतो, असे त्यांनी प्रतिपादन केले. फ्रेडरिक डेव्हिस यांनी १९४४ मध्ये वाचनाकलनाची नऊ कौशल्ये वेगळी केली. त्यांत शब्दार्थांचे ज्ञान आणि संदर्भानुसार योग्य अर्थ निवडण्याची क्षमता यांना स्वतंत्र स्थान होते. पुढे १९६८ मध्ये त्यांनी शब्दार्थाचे स्मरण आणि संदर्भावरून शब्दार्थाचे अनुमान ही दोन कौशल्ये परस्परांपासून अलग मोजण्याचा प्रयत्न केला. शब्द माहीत असणे आणि शब्द उमगणे यांतील भेद हा या विषयाचा पायाच म्हणता येईल.

बालकांच्या अनुमानपद्धतीविषयी हाइंट्स व्हेर्नर व ईडिथ कॅप्लन यांचा अभ्यास (१९५२) प्रसिद्ध आहे. त्यांनी १२ कृत्रिम शब्द तयार केले आणि प्रत्येक शब्द सहा वेगवेगळ्या वाक्यांत योजून, सुमारे साडेआठ ते साडेतेरा वर्षे वयाच्या मुलांना त्यांचे अर्थ विचारले. लहान मुले बहुधा सर्व वाक्याचा आशय त्या एकाच शब्दात कोंबतात. शब्द आणि वाक्य यांना ती अलग करू शकत नाहीत. वय वाढते तशी निरनिराळ्या वाक्यांतील खुणा एकत्र आणून त्या सर्वांना लागू पडेल असा अर्थ शोधण्याची शक्ती येते, असे त्यांना दिसून आले. हे तत्त्व मराठी वाक्यांच्या आधारे सहज स्पष्ट करता येते. ‘तिने कोरपात ताक ओतले’ या वाक्यातील कोरप हा कल्पित शब्द घेतल्यास, सप्तमीच्या प्रत्ययावरून व ओतणे या क्रियापदावरून ते एखादे भांडे असावे एवढे समजते. ‘विस्तवावर ठेवताच कोरप तडकले’ या दुसऱ्या वाक्याने धातूचे भांडे वगळले जाते आणि शब्दाचे नपुंसकलिंगही कळते. ‘नवे कोरप आणण्यासाठी ती कुंभारवाड्यात गेली’ या तिसऱ्या वाक्यानंतर मातीचे भांडे हा अर्थ पक्का होतो. तथापि ते मडके, गाडगे की परळ, हे तिन्ही वाक्ये वाचूनही ठरत नाही. अर्थाचे क्षेत्र प्रत्येक वाक्यागणिक आक्रसत जाते, ते बिंदुवत होत नाही.

वाचनातून शब्दसंपत्ती कितपत वाढते, याविषयी विल्यम नागी, पट्रिशा हर्मन व रिचर्ड अँडरसन यांनी १९८५ मध्ये महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. एखाद्या शब्दाची एकदा गाठ पडल्याने होणारा लाभ अल्प असतो. परंतु वाचन विपुल असल्यास त्या अल्प लाभांची बेरीज मोठी होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्वानबॉर्न व द ग्लॉपर यांनी १९९९ मध्ये अशा २० प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. सहज वाचनात भेटलेल्या अपरिचित शब्दांपैकी सरासरीने सुमारे १५ टक्के शब्द वाचकांना आत्मसात होतात, असे त्यांना आढळले. शंभरांतील पंचाऐंशी शब्द पहिल्या भेटीत निसटतात, ही या आकड्याची दुसरी बाजू होय.

संदर्भखुणांचे प्रकार : मजकुरातील खुणांची अनेक वर्गीकरणे झाली असून त्यांपैकी रॉबर्ट स्टर्नबर्ग व जेनेट पॉवेल यांचे वर्गीकरण (१९८३) विशेष परिचित आहे. वस्तूचा काल, स्थान, मूल्य, बाह्य गुणधर्म, कार्य, कार्यकारणसंबंध, तिचा वर्ग आणि समानार्थ वा विरोध अशा आठ प्रकारच्या खुणा त्यांनी मानल्या. मराठी गद्यात सामान्यतः पुढील आधार उपयोगी पडतात : (१) स्पष्टीकरण : ‘म्हणजे’, ‘अर्थात’, ‘ज्यास ... म्हणतात’ अशा शब्दांनी लेखक स्वतःच अर्थ देतो. (२) जोडशब्द : ‘दंगाधोपा’, ‘बाजारहाट’ यांसारख्या जोड्यांत एक पद अनोळखी असले, तरी दुसरे त्याला प्रकाश देते. (३) विरोध : ‘परंतु’, ‘उलट’, ‘याच्या विपरीत’ या अव्ययांनी अपरिचित शब्द परिचिताच्या विरुद्ध टोकाला उभा राहतो. उदा., ‘थोरला भाऊ वाचाळ, तर धाकटा मितभाषी’. (४) उदाहरणे : ‘इत्यादी’, ‘यांसारखे’ या पदांनी वर्ग समजतो. (५) कार्यकारणभाव : ‘त्यामुळे’, ‘म्हणून’ यांच्या साहाय्याने परिणामावरून कारणाकडे जाता येते. (६) व्याकरण : विभक्तिप्रत्यय, लिंगवचन आणि क्रियापदाशी असलेला मेळ यांवरून शब्दाची जात व वाक्यातील भूमिका कळते. मराठीसारख्या प्रत्ययबहुल भाषेत हा आधार विशेष बळकट आहे.

शब्दाची घडण हा आणखी एक आधार मानला जातो. परंतु तो काळजीपूर्वक वापरावा लागतो. निर्जल, दुर्लभ, अनावर यांसारख्या शब्दांत उपसर्गावरून अर्थ उलगडतो. अनुकरण, अनुनय हे शब्द जाणणारा विद्यार्थी मात्र अनुदार या शब्दातही अनु हा उपसर्ग पाहण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात तेथे नकारार्थी अन् व उदार ही पदे आहेत. परोक्ष म्हणजे दृष्टीआड. तेव्हा अपरोक्ष म्हणजे दृष्टीसमोरचे, प्रत्यक्ष. वेदान्तातील अपरोक्षानुभूती या संज्ञेत हाच अर्थ आहे. परंतु प्रचलित मराठीत ‘त्याच्या अपरोक्ष’ हा प्रयोग पुष्कळदा ‘त्याच्या पाठीमागे’ या नेमक्या उलट अर्थाने केला जातो. ‘तो निघून गेल्यावर त्याच्या अपरोक्ष झालेली चर्चा’ असे वाक्य आल्यास घडण एक सांगते आणि संदर्भ दुसरेच. अशा वेळी त्या वाक्यापुरता संदर्भाचा कौल मानावा लागतो. शेजारच्या भाषांतील समरूप शब्दांचाही असाच चकवा असतो. शिक्षा, चेष्टा, यात्रा हे शब्द हिंदी व मराठी या दोन्ही भाषांत असले, तरी हिंदीतील त्यांचे शिक्षण, प्रयत्न व प्रवास हे नित्याचे अर्थ मराठीतील रूढ अर्थांहून भिन्न आहेत. ओळखीचा वाटणारा शब्द वाचकाला थांबवीत नाही, म्हणूनच तो अनोळखी शब्दापेक्षा अधिक घातक ठरतो.

संदर्भाच्या मर्यादा : सर्वच संदर्भ अर्थबोधास सारखे उपकारक नसतात. इझाबेल बेक, मार्गरेट मक्कीओन व एलेन मकॅस्लिन यांनी १९८३ मध्ये संदर्भांचे चार प्रकार दाखवून दिले. निबिड (दाट) या शब्दाच्या साहाय्याने ते पुढीलप्रमाणे स्पष्ट करता येतील. ‘निबिड अरण्यातील निर्मळ झरा आणि पाखरांचे कूजन यांनी प्रवासी सुखावले’ हा फसवा संदर्भ होय. त्यावरून निबिड म्हणजे रम्य, असा ग्रह होतो. ‘दूरवर एक निबिड अरण्य होते’ हा उदासीन संदर्भ होय. त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. ‘निबिड अरण्यात शिरल्यावर पुढे सरकणे अवघड झाले’ हा सर्वसाधारण संदर्भ अर्थाची केवळ दिशा दाखवितो. दाट, काटेरी, चढणीचे असे अनेक अर्थ त्यात बसतात. ‘फांद्या एकमेकींत अशा गुंतल्या होत्या, की त्या निबिड अरण्यात भर दुपारीही ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नव्हते’ हा निर्देशक संदर्भ असून त्यातून दाट हाच अर्थ निघतो. लेखक सामान्यतः आपला आशय सांगण्यासाठी लिहीत असतो, एखादा शब्द शिकविण्यासाठी नव्हे. त्यामुळे नैसर्गिक गद्यात निर्देशक संदर्भ हवा तेव्हा मिळेलच, याची शाश्वती नसते.

दुसरी मर्यादा मजकुरातील इतर शब्दांच्या परिचयाची होय. खुणा ज्या शब्दांत दिलेल्या असतात, तेच अपरिचित असल्यास अनुमानाला आधार उरत नाही. इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांच्या बाबतीत बाटिया लाउफर यांनी १९८९ मध्ये पुरेशा आकलनासाठी मजकुरातील ९५ टक्के शब्द परिचित असावे लागतात, असे मांडले. हू व पॉल नेशन यांच्या २००० मधील अभ्यासात हे प्रमाण ९८ टक्क्यांच्या आसपास आले. पहिल्या प्रमाणात दर २० शब्दांत एक, तर दुसऱ्यात दर ५० शब्दांत एक शब्द अनोळखी असतो. मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये मूळ शब्दाला जोडून लिहिली जात असल्याने शब्दगणनेची रीत बदलते. म्हणून हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यांमागील तत्त्व मात्र समान आहे. ज्याला पुष्कळ शब्द येतात, त्यालाच नवे शब्द संदर्भावरून उमगतात आणि ज्याची शब्दसंपत्ती तोकडी, तो मागेच राहतो. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये वाचनातील या वाढत्या विषमतेचे वर्णन मॅथ्यू परिणाम या संज्ञेने केले. ही संज्ञा बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील, ज्याच्यापाशी आहे त्यालाच अधिक मिळते, या आशयाच्या वचनावरून घेतलेली आहे.

परीक्षांतील स्थान : शब्दसंपत्तीच्या जुन्या कसोट्यांत सुटे शब्द देऊन त्यांचे समानार्थी वा विरुद्धार्थी शब्द विचारण्याची प्रथा होती. तीमुळे पाठांतराला उत्तेजन मिळते आणि वाचनशक्तीचे मापन होत नाही, अशी टीका होऊ लागल्यावर शब्द उताऱ्यातच तपासण्याकडे कल वाढला. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या क्लोझ पद्धतीत मजकुरातील ठरावीक अंतरावरचे, उदा., दर पाचवा, शब्द गाळून वाचकाला ते भरावयास सांगतात. यात संदर्भावरून अर्थ शोधण्याऐवजी संदर्भावरून शब्दच शोधावयाचा असतो. परभाषी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची टोफेल ही परीक्षा १९६४ मध्ये सुरू झाली. तीमधील सुट्या वाक्यांवरील शब्दार्थांचे प्रश्न १९९५ मध्ये काढून ते वाचनाच्या उताऱ्यांत समाविष्ट करण्यात आले. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ मध्ये, शब्दसादृश्याचे प्रश्न २००५ मध्ये आणि सुटी वाक्ये पूर्ण करण्याचे प्रश्न २०१६ मध्ये वगळले गेले. २०१६ च्या पुनर्रचनेत संदर्भातील शब्दार्थावर भर देण्यात आला. भारतात संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत २०११ पासून आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेत २०१३ पासून उताऱ्यांवरील आकलनप्रश्नांचा अंतर्भाव असलेली स्वतंत्र प्रश्नपत्रिका आली. मराठी शाळांतील भाषेच्या प्रश्नपत्रिकांत आणि शिष्यवृत्ती परीक्षेतही उताऱ्यावरील प्रश्न दीर्घकाळ रूढ आहेत.

प्रश्नरचना : संदर्भाधिष्ठित प्रश्न चांगला की सदोष, हे ठरविण्यासाठी एक नमुना उपयोगी पडेल. ‘चार दिवस सलग पाऊस झाला. शेतात पाऊल टाकले, की ते घोट्यापर्यंत रुतत होते. म्हणून पेरणी थांबली होती. मग दोन दिवस ऊन पडले. तिसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी मूठभर माती उचलून दाबली. तिचा गोळा झाला, पण हाताला चिखल लागला नाही. गोळा खाली टाकताच तो फुटला. ‘वाफसा आला,’ असे म्हणून त्यांनी तिफण जुंपावयास सांगितले.’ या उताऱ्यातील वाफसा या शब्दासाठी पुढील पर्याय दिले, असे समजू : (अ) पेरणीला योग्य असा जमिनीतील ओलावा, (आ) जमीन पूर्ण कोरडी पडणे, (इ) पावसाने दिलेली उघडीप, (ई) पेरणीचा शुभ मुहूर्त. यांपैकी (आ) हा पर्याय मातीचा गोळा झाला या तपशिलाने बाद होतो. उघडीप दोन दिवस आधीच मिळालेली असून आजोबांनी परीक्षा मातीची केली, आकाशाची नव्हे. म्हणून (इ) टिकत नाही. (ई) हा पर्याय केवळ शेवटचे वाक्य वाचणाऱ्यास पटेल. संपूर्ण उतारा वाचणाऱ्यास पटणार नाही. प्रत्येक चुकीच्या पर्यायाचे खंडन करणारा पुरावा उताऱ्यात आहे आणि प्रत्येक चुकीचा पर्याय अपुऱ्या वाचनाचा एकेक प्रकार उघड करतो. हेच चांगल्या प्रश्नाचे लक्षण होय. याउलट, ‘वाफसा आल्याने शेतकरी आनंदला’ एवढ्याच वाक्यावर तोच प्रश्न विचारल्यास चारांपैकी किमान तीन पर्याय सारखेच शक्य ठरतात. तेथे उत्तर बरोबर येते ते पूर्वज्ञानाने किंवा नशिबाने. संदर्भाचा त्यात वाटा नसतो.

पर्याय तयार करताना आणखी काही पथ्ये पाळावी लागतात. पर्यायांची भाषा मूळ शब्दापेक्षा कठीण असू नये. सर्व पर्याय व्याकरणदृष्ट्या वाक्यात बसणारे असावेत. अन्यथा अर्थ न समजताही केवळ लिंगवचनावरून उत्तर सापडते. शब्द अनेकार्थी असल्यास त्याचा सर्वाधिक रूढ अर्थ चुकीच्या पर्यायांत असणे उचित ठरते. उदा., नदीच्या पुराविषयीच्या उताऱ्यात पात्र या शब्दाचा अर्थ विचारताना भांडे, लायक व नाटकातील व्यक्ती हे पर्याय दिल्यास विद्यार्थी रूढ अर्थावर विसंबतो की मजकूर पाहतो, हे कळते. प्रश्न खरोखरच उताऱ्यावर अवलंबून आहे की नाही, हे तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे समान पातळीच्या दुसऱ्या गटाला उतारा न दाखविता तोच प्रश्न सोडवावयास देणे. उताऱ्यावाचूनही बहुसंख्यांचे उत्तर बरोबर येत असेल, तर तो प्रश्न संदर्भाचा नसून शब्दज्ञानाचा ठरतो.

न्याय्यतेचा प्रश्न : वाफशाचा वरील प्रश्न रचनेच्या दृष्टीने निर्दोष असला, तरी तो सर्व विद्यार्थ्यांच्या बाबतीत एकच क्षमता मोजत नाही. शेतकरी कुटुंबातील मुलाला तो शब्द घरीच ऐकून माहीत असतो. त्याला उतारा वाचण्याचेही कारण पडत नाही. शहरातील मुलाला मात्र तो अनुमानाने सोडवावा लागतो. बहुतेक परीक्षांत ही स्थिती उलट असते. उतारे नागर जीवनातील आणि भाषा प्रमाण मराठी असल्यामुळे, ज्यांच्या घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी यांसारखी बोली किंवा गोंडी, कोरकू यांसारखी वेगळीच भाषा बोलली जाते, त्या मुलांना प्रत्येक प्रश्न अनुमानाने सोडवावा लागतो, तर इतरांना तो आठवणीने सुटतो. गुण मात्र दोघांना एकाच मापाने मिळतात. गोव्यात कोंकणी घरांतून मराठी माध्यमाच्या शाळेत येणाऱ्या मुलांबाबतही कमीअधिक प्रमाणात हाच विचार लागू पडतो. यावर दोन उपाय सुचविले जातात. एक, उतारे शेती, कारागिरी, समुद्रकिनारा, डोंगर, बाजारपेठ अशा निरनिराळ्या जीवनक्षेत्रांतून घेऊन पूर्वज्ञानाचा लाभ विविध गटांत वाटला जाईल, असे पाहणे. दोन, शुद्ध अनुमानशक्ती मोजावयाची असेल, तेथे व्हेर्नर व कॅप्लन यांच्याप्रमाणे कल्पित शब्द योजणे. कारण तो सर्वांनाच सारखा अपरिचित असतो. दुसऱ्या उपायात वाचनाची स्वाभाविकता कमी होते, हे खरे. तथापि शिष्यवृत्ती, प्रवेश किंवा नोकरी ज्या गुणांवर अवलंबून असते, त्या गुणांत काय मोजले गेले, याची निश्चिती होणे अधिक महत्त्वाचे आहे.

अध्यापन : संदर्भावरून अर्थ लावण्याचे कौशल्य शिकविता येते काय, याविषयी फुकिंक व द ग्लॉपर यांनी १९९८ मध्ये उपलब्ध प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांना अशा अध्यापनाचा मध्यम, परंतु निश्चित लाभ दिसून आला. डी. एफ. क्लार्क व पॉल नेशन यांनी १९८० मध्ये सुचविलेली पंचपदी पद्धत वर्गात वापरण्यास सोयीची आहे : प्रथम शब्दाची जात ओळखावी, नंतर त्याच वाक्यातील इतर शब्दांशी त्याचा संबंध पाहावा, त्यानंतर मागच्यापुढच्या वाक्यांशी असलेला कारण, विरोध, क्रम इ. संबंध शोधावा, मग अर्थाचा तर्क करावा आणि अखेरीस तो तर्क तपासावा. तपासण्यासाठी तर्काने काढलेला शब्द मूळ जागी ठेवून वाक्य पुन्हा वाचतात, शब्दाची जात जुळते का ते पाहतात, शब्दाची घडण तपासतात आणि शेवटी कोश उघडतात. शब्दाच्या घडणीचा विचार या पद्धतीत आरंभी न करता तर्कानंतर केला जातो. कारण अनुदार वा अपरोक्ष यांसारख्या शब्दांत घडणीवरून बसलेला चुकीचा ग्रह पुढे संदर्भालाच आपल्याकडे वाकवून घेतो.

वर्गात बहुधा तर्काच्या पायरीवरच थांबण्याची प्रवृत्ती दिसते. कालमर्यादित परीक्षेत कोशाला स्थान नसल्यामुळे तेथे थांबणे क्रमप्राप्त असते. शिक्षणात तसे होणे हानिकारक ठरते. तर्क चुकला, तर चुकीचा अर्थच स्मरणात रुजतो आणि पुढच्या प्रत्येक वाचनात तोच वापरला जातो. म्हणून विद्यार्थ्याने काढलेला अर्थ कोणत्या खुणेवरून काढला, हे त्याला सांगावयास लावणे आणि नंतर कोशातील अर्थाशी तो ताडून पाहावयास शिकविणे, हा अध्यापनाचा अत्यावश्यक भाग मानला जातो. जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशासारख्या (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) मोठ्या कोशात एका शब्दाखाली अनेक अर्थ नोंदविलेले असतात. त्यांतील कोणता घ्यावयाचा, हे पुन्हा संदर्भच ठरवितो. अशा रीतीने संदर्भ तर्काला जन्म देतो, कोश त्याची शहानिशा करतो आणि कोशाने पुढे ठेवलेल्या अर्थांतून निवड करण्यासाठी वाचक परत उताऱ्याकडे येतो. कसोटीतील एका गुणाचा प्रश्न या साखळीतील केवळ पहिला दुवा मोजतो. उरलेले दुवे जोडण्याचे काम वाचनाच्या सवयीने आणि शिक्षकाच्या मार्गदर्शनाने साधावे लागते.